दोघा साडूंत एक ॲन्टीव्हायरस

मु. पो. उंब्रज, ता. कराड
मंगळवार, ४ नोव्हेंबर

सुभेदार (निवृत्त) नानासो माने, विश्रामबाग, सांगली यांस,

हवालदार क्लार्क (निवृत्त) लालासाहेब निकम याचा सप्रेम नमस्कार. (‘सप्रेम’ हा शब्द पत्रात घालायची पद्धत आहे म्हणून घातला आहे. गैरसमज नसावा.)

इकडं सगळं ठीक. तिकडची खुशाली विचारायची असते, पण ती मला रोज न विचारता मिळते. तुमच्या दीपमालाबाई आणि आमची शकुंतला सख्ख्या बहिणी पडल्या, त्यात मोबाईलला आता बोलण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, त्यामुळं दुपारी दोन ते तीन हा तास आमच्या घरात सांगलीच्या बातम्यांचा असतो. तुमची साखर एकशेचाळीसवर आली हे ऐकून बरं वाटलं. चहातली साखर सोडलीत हेही चांगलं केलंत. देव्हाऱ्यामागं गुळाचा खडा ठेवता हे मात्र दीपमालाबाईंना माहीत आहे, तेव्हा जागा बदला. नवी चप्पल डाव्या अंगठ्याला चावते तर एरंडेल लावून एक रात्र ठेवा. सांगायचं म्हणजे, आपण दोघं दीड वर्षं एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही, पण काल तुम्हाला शेंगदाण्याची आमटी बाधली हे मला ठाऊक आहे, आणि माझ्या कमरेचा पट्टा तुम्हाला ठाऊक असणार.

या पत्राचा वडूजच्या प्रकाराशी काहीही संबंध नाही, हे सुरुवातीलाच लिहून ठेवतो. आपल्या मेहुण्याच्या, म्हणजे ज्ञानूच्या, पोराच्या लग्नात जे झालं ते झालं. थोरला साडू मी. थोरली बहीण माझ्या घरात आहे. पण माईकवाल्यानं पुकारलं ते ‘सुभेदार नानासो माने यांनी फेटा बांधून घेण्यासाठी यावं, आणि त्यांचे साडू’. आणि त्यांचे साडू! चारशे माणसांत मला नाव नव्हतं. त्यावर मी काय बोललो, आणि मग तुम्ही ‘हवालदार, बसा खाली’ असं काय म्हणालात, हे मी इथं उगाळत बसत नाही. मी बांधलेला फेटा काढून मांडवाच्या खांबाला बांधला आणि न जेवता एस.टी. धरली, तेवढी गोष्ट खरी आहे. (त्या दिवशी बासुंदी होती असं मागाहून कळलं.) पण हे पत्र त्याबद्दल नाही. हे पत्र आपल्या सामाईक ॲन्टीव्हायरसबद्दल आहे.

आता तुम्ही विसरला असाल म्हणून आठवण देतो. दोन वर्षांपूर्वीच्या नोव्हेंबरात, म्हणजे वडूजच्या आधी, आपण नेहमीप्रमाणं माझ्या पडवीत बसून पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले काढत होतो. मी कॉम्प्युटरवर नाव-नंबर घालायचो आणि तुम्ही म्हाताऱ्यांचा अंगठा धरून त्या मशीनच्या काचेवर दाबायचा, आणि दाबताना ‘मावशी, श्वास सोडा’ म्हणायचा. (अंगठ्याचा आणि श्वासाचा काय संबंध ते मला आजतागायत कळलेलं नाही, पण तुम्ही म्हटलं की अंगठा लागायचा हे खरं.) तेवढ्यात कॉम्प्युटरला व्हायरस लागला आणि शिपाई गडी रांगेत उभे असताना पडद्यावर भलत्यासलत्या बायकांच्या जाहिराती यायला लागल्या. तुम्ही पडद्यावर टॉवेल टाकलात. दुसऱ्या दिवशी मी सांगलीला आलो, आपण दोघांनी दुकानातून तीन वर्षांचं, दोन कॉम्प्युटरांना चालणारं ॲन्टीव्हायरसचं एक पाकीट घेतलं, एक कॉम्प्युटर माझा आणि एक तुमचा. तुम्ही म्हणालात, सख्ख्या भावांत वाटण्या होतात, साडूंत एक पाकीट पुरतं. दुकानदारानं नोंदणीला मोबाईल नंबर मागितला. माझा मोबाईल उंब्रजला चार्जिंगला राहिलेला, म्हणून तुमचा दिला. त्या एका चार्जिंगनं पुढं काय घोळ घातला ते आता वाचा.

दसरा झाला आणि आमचा कॉम्प्युटर अगदीच मंदावला. बटण दाबावं, आंघोळ करून यावं, देवपूजा करावी, तरी तो आपला गोल गोल फिरतोय. पुण्याहून जयराजनं फोनवर सांगितलं की बाबा, त्याला फॉरमॅट मारा, सगळं पुसून विंडोज नव्यानं टाका. जयराज माझा मुलगा असला तरी हल्ली मला हुकूम देतो. तर उंब्रजच्या स्टँडसमोर शिवांजली म्हणून एका मुलीचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे (मुलगी म्हणतो, पण तिची दोन लेकरं शाळेत जातात), तिच्याकडं न्यायचं ठरलं. स्कूटरवर मी पुढं, मागं शकुंतला, आणि दोघांच्या मधे तो डबा. थंडीवाऱ्यानं धूळ बसू नये म्हणून शकुंतलानं त्याला आपली शाल गुंडाळली आणि छातीशी धरला. हायवेच्या पुलाखाली तिघांनी थांबवून विचारलं की कुणाला दवाखान्यात न्यायलाय का. एकानं तर हात जोडले.

शिवांजलीनं सरळ प्रश्न विचारला. म्हणाली, काका, यातला पैसे भरलेला ॲन्टीव्हायरस फॉरमॅटच्या आधी कंपनीकडून सोडवून घेतलाय ना? एक बटण असतं, ते दाबून या कॉम्प्युटरवरून नाव कमी करायचं, म्हणजे नव्यानं टाकताना अडचण येत नाही. नानासो, मी चोवीस वर्षं पलटणीत क्लार्की केली. साहेबानं ‘झालं का?’ विचारलं की क्लार्कच्या तोंडून ‘झालंय’ हेच बाहेर पडतं, काम झालेलं असो नसो. मग रातोरात ते करायचं असतं. माझ्याही तोंडून आपसूक ‘झालंय’ निघालं. आणि तिनं त्याच क्षणी बटण दाबलं. पलटणीत एवढ्या चपळाईनं कुणी काम करत नसे, त्यामुळं मला सवय नव्हती.

घरी आणून जोडल्यावर ॲन्टीव्हायरस नव्यानं टाकायला घेतला. त्यानं वीस आकडी-अक्षरी किल्ली मागितली. म्हटलं, देतो की. पाकीट देव्हाऱ्याजवळ आहे. आता ते देव्हाऱ्याजवळ का, असं तुम्ही विचारणार नाही, कारण तुमच्या घरीही खंडेनवमी होते. आमच्याकडं खंडेनवमीला माझा पट्टा, बूट, वडिलांची तलवार, कोयता, खुरपं हे सगळं पाटावर मांडतो. कॉम्प्युटर आल्यापासून मी म्हटलं, अरे, यावरून आपण बाहेरच्या जगात जातो, तर याचं जे शस्त्र आहे त्याची पूजा नको? शत्रूला आत न येऊ देणं एवढंच त्याचं काम, म्हणजे ते शस्त्रच. म्हणून दोन्ही वर्षं मी स्वतःच्या हातानं ते पाकीट पाटावर ठेवलं, तलवारीच्या उजव्या अंगाला. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, तेलाचं बोट लावलं आणि यंदा पुढ्यात नारळ फोडला, तेव्हा पाणी उडालं. पाकिटावर जिथं ती किल्ली छापलेली होती तिथंच मी मनोभावे बोट टेकवलं होतं, कारण महत्त्वाची जागा तीच. वीसपैकी सहा अक्षरं लालेलाल झाली होती.

मग जे झालं ते लिहायला लाज वाटते. मी भिंग आणलं. शकुंतलानं तांब्या-पितळेला लावतात तसं लिंबू-मीठ लावून हलक्या हातानं घासलं आणि आणखी दोन अक्षरं गेली. शेजारचा शाळामास्तर आला, त्यानं उजेडाकडं धरून बघितलं आणि म्हणाला, हे आठ असावं. त्याची बायको म्हणाली, तीन. मी आठ घातलं, तीन घातलं, दहा वेळा चुकल्यावर तो ॲन्टीव्हायरस म्हणाला की थोडा वेळ थांबून पुन्हा प्रयत्न करा. म्हणजे माझ्याच दारात मला गार्डनं अडवलं. तिसऱ्या दिवशी आठवलं की आपण क्लार्क आहोत. घेतल्या दिवशीच मी ती किल्ली तीन ठिकाणी लिहून ठेवली होती: डायरीत, रेशनकार्डाच्या झेरॉक्सच्या पाठीमागं आणि ‘संकीर्ण’ नावाच्या फायलीत. तिन्ही जागी अक्षर सुरेख. शकुंतला म्हणाली, आवं, मग तीन दिवस माझ्याकडनं लिंबं कशाला घासून घेतली?

किल्ली घातली. सगळी वीसच्या वीस अक्षरं बरोबर. आणि पडद्यावर आलं की या किल्लीवर दोन कॉम्प्युटर आधीच नोंदलेले आहेत, तिसऱ्याला जागा नाही. आता तुम्हीच सांगा, तिसरा कोण? मशीन तेच, टेबल तेच, मी तोच. पण शिवांजलीनं सांगितलं की काका, फॉरमॅट मारल्यामुळं कंपनीला हा नवा कॉम्प्युटर वाटतोय. जुना तुम्ही सोडवलाच नाही, तो अजून त्यांच्या यादीत आहे. मग डोक्यात प्रकाश पडला. एखादा जवान बदलीवर गेला, पण जुन्या पलटणीनं हजेरीपटावरून नाव कमी केलं नाही, तर नवी पलटण त्याला रेशन देते का? मी स्वतः अशा किती पोरांना दारातून परत पाठवलं असेल. त्यांचे शिव्याशाप आता फळाला आले म्हणायचे. यादीत एक तुमचा कॉम्प्युटर, तो जिवंत. दुसरा माझा जुना, तो मेलेला, पण हजर. आणि माझा खरा, तो दाराबाहेर.

कंपनीच्या मदतीच्या नंबरला फोन लावला. सतरा मिनिटं सनई ऐकली (चांगली होती), मग एक मुलगी बोलली, अतिशय नम्र. मी सगळी हकीकत पहिल्यापासून, म्हणजे खंडेनवमीपासून, सांगितली. तिनं मधे तोडलं नाही. शेवटी म्हणाली, सर, काळजी करू नका, तुमचं एक वर्ष तेवीस दिवस शिल्लक आहे, ते कुठंही जात नाही, मी जुना कॉम्प्युटर यादीतून काढते, फक्त नोंदणीच्या मोबाईलवर सहा आकडी ओटीपी येईल तो सांगा. मी म्हटलं, पाठवा. ती म्हणाली, पाठवला. मी माझ्या मोबाईलकडं बघत बसलो. तो काही वाजला नाही. मग तिनं शेवटचे दोन आकडे सांगितले आणि माझ्या लक्षात आलं की तो तुमच्या खिशात वाजला असणार.

मी तिला म्हटलं, तो नंबर आमच्या साडूंचा आहे. ती म्हणाली, मग त्यांना फोन करून विचारा, सर, ओटीपी दहा मिनिटं चालतो. मी म्हटलं, आमचं बोलणं नाही. ती हळूच म्हणाली, मेसेज करा. मी म्हटलं, तेही नाही. मी तुमचा नंबर मोबाईलमधून काढून टाकला आहे, वडूजहून येतानाच, एस.टी.त. (तोंडपाठ आहे, ती गोष्ट वेगळी.) मग मी तिला कामाचं विचारलं, की ओटीपीची मुदत दहा मिनिटांऐवजी आठ दिवस करता येईल का, म्हणजे मी पोस्टानं विचारून घेतो, उंब्रजहून सांगलीला पत्र तीन दिवसांत जातं आणि उलट टपाली तीन दिवस. तिनं वरिष्ठांना विचारते म्हणून पुन्हा सनई लावली. वरिष्ठ नाही म्हणाले.

शकुंतलेचं म्हणणं, नवीन घ्या. शिवांजलीचं म्हणणंही तेच, एक वर्षाचं नवीन घेऊन टाका काका, डोक्याला ताप नको. जयराजनं तर फोनवरून परस्पर घेऊन द्यायची तयारी दाखवली. पण मी ऐकलं नाही. हक्काची रजा शिल्लक असताना बिनपगारी रजा कोण टाकतो? एक वर्ष तेवीस दिवस आहेत, आणि ते माझे आहेत. (मघाशी ‘आपले’ लिहिणार होतो, मग खोडायला नको म्हणून माझे लिहिलं.) बोला मला हट्टी. दीपमालाबाईंमार्फत तुम्ही बोललाच असाल.

पण नुसतं हट्टाचं असतं तर मी कॉम्प्युटरवर टॉवेल टाकून गप्प बसलो असतो. नोव्हेंबर लागला ना! महिनाअखेरच्या आत हयातीचे दाखले गेले नाहीत तर पेन्शन थांबते. एकतीस जण आहेत यंदा. (मागच्या वेळी चौतीस होते.) बिना ॲन्टीव्हायरसचा कॉम्प्युटर इंटरनेटला जोडून लोकांचे आधार आणि पेन्शनचे नंबर त्यात घालायचे, हे मला जमत नाही. गार्ड उभा नसताना मी गेट उघडत नाही. काल भामाबाई आली. तुम्हाला आठवत असेल, मराठा पलटणीतल्या नाईकाची विधवा, ब्याऐंशी वर्षांची, काठी टेकत चालत येते. तिला मी समजावून सांगितलं की मावशी, मशीन अजून तयार नाही, रविवारनंतर या. ती पायरीवर बसली आणि म्हणाली, "आरं लाला, मी जित्ती हाय हे मी तुज्याम्होरं बसून सांगतीया की. आनि मशीनला कशाला इचारायचं?" मी म्हटलं, सरकार मशीनचं ऐकतं. तिनं काठीनं टेबलाची मोकळी बाजू दाखवली. मग म्हणाली, "अंगठा धरायला ते सांगलीचं सुभेदार असायचं. मागल्या सालीबी न्हाई आलं. हायत न्हवं?"

हायत न्हवं, असं विचारलं तिनं. मी म्हटलं, आहेत, साखर एकशेचाळीस आहे.

मागच्या नोव्हेंबरात मी एकट्यानं चौतीस दाखले काढले, नानासो. नाव घालायला बसायचं, अंगठा धरायला उठायचं. निम्म्यांचे अंगठे तीन-तीनदा लागेनात, आणि मी ‘श्वास सोडा’ म्हणून बघितलं तर म्हाताऱ्या घाबरून श्वास धरायच्या. तुमच्या आवाजात काय आहे कोण जाणे. चार दिवसांचं काम अकरा दिवस चाललं. हे मी शकुंतलेला सांगू दिलं नाही, म्हणून तुमच्यापर्यंत आलं नसेल. आता मीच सांगतो.

आणि सांगायलाच बसलो आहे तर वडूजचंही सांगून टाकतो, पुन्हा पत्र लिहायला एक पाकीट वाया नको. त्या माईकवाल्याला ज्ञानूनं चिठ्ठी लिहून दिली होती. त्यात माझं नाव होतं, पण पावसाच्या थेंबानं शाई फाकली होती, त्यानं वेळ मारून नेली. हे मला ज्ञानूनं दोन महिन्यांनी सांगितलं. म्हणजे तुमचा त्यात काडीचा दोष नव्हता. मी त्या वेळी चारशे माणसांत म्हणालो की फेटा पगारावर बांधत नाहीत, ते बोलायला नको होतं. तुम्ही सुभेदार झालात ते लेहच्या बर्फात दोन बोटं गमावून झालात, हे सगळ्यांत जास्त मला माहीत आहे, कारण आपल्या पलटणीच्या कचेरीत ते कागद मीच टाईप केले होते. मग तुम्ही ‘हवालदार, बसा खाली’ म्हणालात. मला राग आला तो हुद्द्याचा नाही. वीस वर्षांत तुम्ही मला लाला सोडून दुसरं काही म्हटलेलं नव्हतं, त्याचा आला. आणि तुम्हीही त्या दिवशी जेवला नाहीत, फेटा काढून मांडीवर घेऊन बसलात, हे मला परवा भाऊबीजेला कळलं. दीड वर्ष या बहिणी सगळं बोलल्या, आणि नेमकं हेच काय ते राहिलं. चूक माझी आहे. लिहून झालं. आता कमरेला बरं वाटतंय.

दीपमालाबाईंना आशीर्वाद. तुम्हालाही दिला असता, नात्यानं मी थोरला आहे, पण हुद्द्याचा विचार करून नमस्कारच घालतो.

कळावे, लोभ होता तो तसाच असेल असं धरून चालतो.

तुमचा
लालासाहेब

ता. क. : मुख्य काम राहिलंच. येत्या रविवारी, ९ तारखेला, सकाळी ठीक दहा वाजता शिवांजली घरी येणार आहे. मी कंपनीला फोन लावीन, सनई संपली की ओटीपी तुमच्या मोबाईलवर येईल. लगेच मी शकुंतलेच्या मोबाईलवरून तुम्हाला फोन करीन. दहा मिनिटं आहेत. तुम्ही ‘हॅलो’ म्हणायची जरुरी नाही. सहा आकडे वाचायचे आणि फोन ठेवायचा. बाकीचं बोलणं ऐच्छिक आहे. तुमचा कॉम्प्युटर यादीतून काढू नका असं मी त्या मुलीला तीनदा बजावलं आहे, तेव्हा काळजी नसावी.

ता. क. दुसरा : सोमवारपासून दाखले सुरू करतोय. एकतीस अंगठे. सकाळी सातला सांगलीहून निघालेली गाडी नऊपर्यंत उंब्रजला येते, हे आपलं माहितीसाठी. भामाबाईला पहिला नंबर दिला आहे, तिला मी कुणी यायचं कबूल केलेलं नाही. गूळ आमच्याकडंही असतो आणि शकुंतलेला जागा माहीत नाही.

ता. क. तिसरा : पाकीट बंद करायच्या आत शकुंतलेनं हे पत्र वाचलं. तिचं म्हणणं, तुम्ही सकाळी झाडांना पाणी घालायला जाता तेव्हा मोबाईल स्वयंपाकघरात ओट्यावर असतो, आणि ते सहा आकडे दीपमालानं पहिल्याच दिवशी दोन मिनिटांत वाचून दाखवले असते. ती तर विचारत होती, दाजी, देऊ का म्हणून. हे मला ठाऊक होतं, नानासो. मीच नको म्हटलं. मला आकडे नको होते.

आणि दीपमालानं आणखी एक सांगितलंय, ते शकुंतलेनं आज मला सांगितलं. नोंदणी तुमच्या नंबरावर असल्यामुळं दर रविवारी तुम्हाला कंपनीचा मेसेज यायचा, की ‘लालासाहेब’ नावाचा कॉम्प्युटर तपासला, सुरक्षित आहे. दीड वर्ष तुम्ही तो दर रविवारी मोठ्यानं वाचायचा आणि मग चहा घ्यायचा. फॉरमॅट मारल्यापासून तीन रविवार तो आला नाही, आणि तुम्ही घरात आत-बाहेर करताय, आणि तिला दर थोड्या वेळानं म्हणताय की उंब्रजला फोन लावून बघ, लाला बरा आहे का.

तर हा तिन्ही रविवारांचा मिळून एक मेसेज समजा. लालासाहेबाचा कॉम्प्युटर बंद आहे. लालासाहेब बरा आहे. रविवारी दहाला फोन उचला, आणि आकडे चष्मा लावून वाचा.